दोन पंख्यांवरून एका पंख्यावर

समजा तुमच्याजवळ रेडिओवर चालणारे एक लहानसे हेलिकॉप्टर आहे. तळहातावर मावणारे, एकावर एक असे दोन पंखे असलेले. सुरुवातीला ते भिंतीवर आपटले, पलंगाखाली शिरले, एकदा तर आजीच्या तुळशीवृंदावनात जाऊन पडले. आता मात्र ते तुमचे ऐकते. टेबलावरून उठते, खोलीला एक फेरी मारते आणि नेमके पाटावर उतरते. मग मनात येते, आता मोठे घ्यावे! एकाच पंख्याचे, मोकळ्या रानात उडणारे, अगदी खऱ्यासारखे.

जरूर घ्या. पण त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. लहान हेलिकॉप्टर तुमचे ऐकते, याचे निम्मेसुद्धा श्रेय तुमच्या बोटांना नाही. ते कलंडत नाही, कारण न कलंडण्याची सोय त्याच्या रचनेतच करून ठेवलेली असते. मोठ्या हेलिकॉप्टरातून ही सोय मुद्दाम काढून घेतलेली असते. असे का, ते पाहू.

मढीच्या जत्रेत किंवा गावच्या बाजारात दोरी ओढून उडवायचा प्लॅस्टिकचा पंखा तुम्ही पाहिला असेल. तो नुसता पंखा असतो, म्हणून सुखाने उडतो. त्याला खाली मोटर आणि धड जोडले, की अडचण सुरू होते. मोटर पंख्याला एका दिशेने फिरवते, तेव्हा पंखाही मोटरीला, म्हणजे सगळ्या धडाला, उलट दिशेने फिरवू पाहतो. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. तुमच्या लहान हेलिकॉप्टरात दोन पंखे परस्परांच्या उलट फिरतात आणि एकाचा जोर दुसरा खोडून काढतो. डावीकडे वळायचे तर एक पंखा किंचित जलद, दुसरा किंचित सावकाश, एवढेच करावे लागते.

शिवाय वरच्या पंख्याजवळ एक आडवी दांडी असते. तिच्या दोन्ही टोकांना लहान वजने असतात. फिरता भोवरा आपला तोल जसा सोडत नाही, तशी ही फिरती दांडीही आपली पातळी सहजासहजी सोडत नाही. हेलिकॉप्टर कलले, तरी दांडी काही क्षण होती तशीच राहते आणि जोडलेल्या तारांनी पात्यांचा कोन बदलून त्याला पुन्हा सरळ करते. म्हणूनच तुम्ही बोटे सोडली, तरी ते बिचारे आपले आपण सावरते.

या दांडीच्या मागे एका माणसाची चिकाटी आहे. आर्थर यंग या अमेरिकन गृहस्थाने १९३० नंतरच्या दशकात एका धान्याच्या कोठारात हेलिकॉप्टरच्या लहान प्रतिकृती करून पाहिल्या. त्या उडत, डुलत आणि आपटत. एके दिवशी अशी वजनदार दांडी जोडल्यावर प्रतिकृती जागच्या जागी तरंगू लागली. १९४१ मध्ये यंग बेल कंपनीत गेला आणि १९४६ मध्ये त्याच दांडीसह ‘बेल ४७’ या हेलिकॉप्टरला नागरी वापराचा परवाना मिळाला. म्हणजे प्रतिकृती ही नेहमी खऱ्या यंत्राची नक्कल असते असे नाही. इथे खऱ्यानेच प्रतिकृतीची नक्कल केली!

मग एवढी चांगली सोय काढून का टाकायची? कारण जे स्वतःहून सावरते, ते तुम्ही कलवू पाहिले तरी सावरतेच. लहान हेलिकॉप्टर घराबाहेर न्या आणि जरा वाऱ्यात सोडा. तुम्ही काडी पुढे दाबून धरली, तरी ते वाऱ्याबरोबर मागे मागे जाईल. वाऱ्याशी झुंजायचे, तर यंत्र हवे तेवढे कलले पाहिजे आणि कललेले राहिले पाहिजे. म्हणजे त्याला सरळ आणण्याचे कामही तुमच्याकडेच आले.

आता मोठ्या यंत्राकडे वळू. त्याला मुख्य पंखा एकच. धड उलटे फिरू नये म्हणून शेपटीवर एक छोटा उभा पंखा. दांडीच्या जागी आता बहुधा विजेवर चालणारा बारीकसा जायरोस्कोप असतो. पण खरा फरक पात्यांत आहे. सुरुवातीच्या यंत्रात पात्यांचा मूळ कोन कायम असतो. वर जायचे तर पंखा जलद फिरवावा लागतो आणि वेग घ्यायला त्याला क्षणभर वेळ लागतो. प्रगत यंत्रात पंख्याचा वेग जवळजवळ कायम ठेवतात आणि सर्व पात्यांचा कोन एकदम बदलतात. कोन वाढला, की यंत्र तत्क्षणी वर. कोन उलटा केला, की तितक्याच जोराने खाली. पाठीवर उलटे उडणारी हेलिकॉप्टरे तुम्ही चित्रफितीत पाहिली असतील, ती याच युक्तीवर उडतात. नवशिक्याचे यंत्रही याच युक्तीने जमिनीत घुसते. घाबरून काडी खाली ओढली, की लहान हेलिकॉप्टर नुसते खाली बसत असे, हे मात्र स्वतःला खाली ढकलते.

पुढे जायचे कसे, हे तर फारच मजेदार आहे. पंख्याच्या दांड्यावर स्वॉशप्लेट नावाची तबकडी असते. ती कलली, की प्रत्येक पात्याचा कोन एका फेऱ्यात एकदा वाढतो आणि एकदा कमी होतो. नाक खाली जावे म्हणून पाते मागच्या बाजूला असताना त्याचा कोन सर्वांत जास्त हवा, असे तुम्हांला वाटेल. पण वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणाऱ्या पंख्यात तो सर्वांत जास्त असतो उजव्या बाजूला! फिरत्या वस्तूला दिलेल्या धक्क्याचा परिणाम पाव फेरा उशिरा दिसतो. पटत नसेल तर सायकलचे पुढचे चाक काढा, आसाची दोन्ही टोके हातांत घट्ट धरा आणि मित्राला चाक जोराने फिरवायला सांगा. आता एक टोक वर उचलून पाहा. चाक भलत्याच बाजूला वळू पाहील. मनगटाला ते एकदा जाणवले, की पुस्तकातले दहा परिच्छेद वाचावे लागत नाहीत.

अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ मध्ये नाव बदलले, त्यापूर्वीचा अहमदनगर जिल्हा) हे यंत्र उडवणाऱ्यांनी हवेचाही हिशेब करावा. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे, म्हणून तिथली हवा मुळातच थोडी विरळ. त्यात उष्णतेने हवा आणखी विरळ होते. डिसेंबरातल्या सकाळी तापमान १२ अंश आणि मे महिन्यातल्या दुपारी ४० अंश धरले, तर दुपारच्या हवेची घनता सकाळच्यापेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरते. पात्यांनी खाली ढकलायची ती हवाच कमी! तेवढेच वजन उचलायला पात्यांचा कोन वाढवावा लागतो, मोटर तापते आणि बॅटरी लवकर संपते. मंगळावर तर हवेची घनता पृथ्वीवरच्या जेमतेम शेकडा एक. तिथे १९ एप्रिल २०२१ रोजी ‘इंजेन्युइटी’ हे १.८ किलोग्रॅमचे हेलिकॉप्टर उडाले. त्याचे पंखे १.२ मीटर व्यासाचे आणि मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेणारे. आणि गंमत अशी, की तेही तुमच्या लहान हेलिकॉप्टरासारखेच, एकावर एक असे दोन पंख्यांचे! तेव्हा दोन पंखे म्हणजे पोरखेळ, असे कुणी म्हणाले तर त्याला हे सांगा.

“पण मग ड्रोन का घेऊ नये?” असे तुमच्यातले काही विचारतील. उसावर फवारणी करणारे ड्रोन तुम्ही पाहिले असतील. त्यांत पात्यांचा कोन बदलत नाही, फक्त मोटरींचे वेग बदलतात आणि तो हिशेब आतला संगणक करतो. काम म्हणून ड्रोन उत्तम. पण हेलिकॉप्टर कसे उडते हे बोटांना कळावे, असे वाटत असेल तर मी हेलिकॉप्टरच निवडीन.

आता जरा गंभीर गोष्ट. मध्यम आकाराच्या प्रगत यंत्राचा पंखा सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्याचा परीघ होतो २.२ मीटर. मिनिटाला २,५०० फेरे धरले, तर पात्याचे टोक मिनिटाला ५,५०० मीटर, म्हणजे ताशी ३३० किलोमीटर वेगाने धावते. गणित स्वतः करून पाहा. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेत १९ वर्षांचा तरुण स्वतःच्याच रेडिओ हेलिकॉप्टरच्या पात्याने मृत्यू पावला, आणि तो नवशिका नव्हता. म्हणून मोटर बंद ठेवणारी कळ, जिला थ्रॉटल होल्ड म्हणतात, ती न पाहता बोटाला सापडली पाहिजे. यंत्राला हात लावण्यापूर्वी ती दाबलेली असावी. लिथियमची बॅटरी फुगली असेल तर तिचा मोह सोडा आणि भारित होत असताना तिला एकटी ठेवू नका. पहिल्या उड्डाणांना जाणते मोठे माणूस बरोबर हवेच.

जागाही विचार करून निवडा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारी नकाशात आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग पाडले आहेत. नगर शहराला लष्कराची मोठी छावणी आहे आणि कोपरगाव तालुक्यात काकडी येथे २०१७ पासून शिर्डीचा विमानतळ चालू आहे. तेव्हा आपले गाव कोणत्या रंगात येते, ते नकाशात आधी पाहा.

यंत्र हाती येण्यापूर्वी महिनाभर संगणकावरच्या आभासी हेलिकॉप्टरावर हात बसवा. तिथे शंभर वेळा आपटले, तरी एक पाते मोडत नाही. सर्वांत अवघड काय असेल, तर हेलिकॉप्टरचे नाक तुमच्याकडे असणे. तेव्हा त्याचे डावे ते तुमचे उजवे होते आणि बोटे नेमकी उलटी चालतात. म्हणून आधी शेपटी आपल्याकडे, मग डावी बाजू, मग उजवी आणि शेवटी नाक, असा क्रम धरा. एक अवस्था पक्की झाल्याशिवाय पुढची नको. काही यंत्रांत आपोआप सरळ होण्याची कळ असते. ती संकटात वापरा. रोज वापरली, तर तुम्ही पुन्हा लहान हेलिकॉप्टरच उडवत आहात!

ज्वारीची काढणी झाली, की रान मोकळे होते. पण धसकटांत यंत्राचे पाय अडकतात आणि ते उलटते. त्यापेक्षा एखादे जुने खळे मिळाले तर पाहा. सपाट, गोल आणि चोपलेले. यंत्राच्या पायांना फुलीसारख्या दोन लांब काठ्या बांधा आणि त्यांच्या टोकांना प्लॅस्टिकचे पोकळ चेंडू लावा, म्हणजे ते सहसा कलंडणार नाही. सकाळी ऊन चढण्यापूर्वी, वारा पडलेला असताना, यंत्र खळ्याच्या मधोमध ठेवा आणि स्वतः कडेच्या बाहेर चांगले आठ-दहा पावले मागे उभे राहा. मोटर सुरू न करता शेपूट हाताने डावीकडे वळवली, तर जायरोस्कोप ती उजवीकडे परत आणू पाहतो ना, हे आधीच तपासलेले असू द्या. मग काडी हळूच वर. यंत्र जमिनीवरच थोडे सरकेल, डुलेल. वीतभर उचला आणि लगेच खाली ठेवा. पहिल्या दिवशी एवढेच.