नेट चालू आहे, मग जुना प्रोग्रॅम का अडतो?

आजचा प्रश्न मला इंदूरहून येतो, बडोद्याहून येतो, हैदराबादहूनही येतो. "सर, नवा कॉम्प्युटर घेतला. ब्राउझर चालतो, व्हिडिओ चालतात. पण दहा वर्षं वापरलेला हिशेबाचा प्रोग्रॅम म्हणतो, सर्व्हरशी संपर्क होत नाही." सोबत कोणीतरी दिलेला सल्लाही असतो : अँटिव्हायरस आणि फायरवॉल बंद करून बघा. तो सल्ला आधी बाजूला ठेवूया.

मुळात घडतं काय? प्रोग्रॅम आणि सर्व्हर बोलायला लागले की माहिती कोणत्या पद्धतीने कुलूपबंद करायची, हे आधी ठरवतात. त्या पद्धतीला टीएलएस म्हणतात. तिची १.० आवृत्ती १९९९ ची, १.१ ही २००६ ची, १.२ ही २००८ ची आणि १.३ ही २०१८ ची. पहिल्या दोन आता कच्च्या ठरल्या आहेत. २०२० पासून ब्राउझरांनी त्या बंद केल्या आणि मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने त्या अधिकृतपणे बाद केल्या. विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांत त्या मुळातच बंद असतील, असं मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये जाहीर केलं.

आता तुमचा प्रोग्रॅम २०१० चा असेल, तर तो १.० मागतो. समोरचा नकार देतो. प्रोग्रॅमला हे कारण नीट सांगता येत नाही, म्हणून तो "नेट नाही" एवढंच म्हणतो. नेट असतं. दोघांना समजेल अशी भाषा नसते.

मी तपासणी या क्रमाने करतो.

पहिलं, तारीख आणि वेळ. सर्व्हरच्या प्रमाणपत्राला मुदत असते. घड्याळ चुकलं, तर चांगलं प्रमाणपत्रही बाद दिसतं.

दुसरं, प्रोग्रॅम ज्या सर्व्हरकडे जातो त्याचा पत्ता माहीत असेल, तर तो ब्राउझरमध्ये उघडा. एररचं पान आलं तरी चालेल, सर्व्हरने उत्तर दिलं एवढंच बघायचंय. उत्तर आलं तर दोष तुमच्याकडे आहे. मोबाइलवरूनही काहीच आलं नाही, तर ती सेवाच बंद झाली असावी. मग सेटिंग बदलण्यात वेळ घालवू नका, आधी कंपनीला विचारा.

तिसरं, कंट्रोल पॅनेलमधलं इंटरनेट ऑप्शन्स. इंटरनेट एक्सप्लोरर २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण ही खिडकी अजून आहे आणि बरेच जुने प्रोग्रॅम तिचंच ऐकतात. कनेक्शन्समध्ये एखादा जुना प्रॉक्सी राहिलाय का बघा. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये टीएलएस १.२ वर खूण आहे ना, तेही बघा.

चौथं, प्रोग्रॅम डॉट नेटच्या ४.० किंवा ४.५ आवृत्तीवर बनलेला आहे का, हे विक्रेत्याला विचारा. असे प्रोग्रॅम सहसा १.० च मागतात. मायक्रोसॉफ्टने यासाठी रजिस्ट्रीत नोंदी दिल्या आहेत. त्या केल्या की आवृत्ती निवडायचं काम प्रोग्रॅमकडून विंडोजकडे जातं. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रॅमसाठी त्या वेगळ्या जागी कराव्या लागतात. बरेच जण एकाच जागी करतात आणि "उपाय चालला नाही" म्हणतात. हे काम जाणकाराकडून, रजिस्ट्रीची प्रत काढूनच करून घ्या.

जुना ईमेल प्रोग्रॅम जीमेलवर अडत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी अशा प्रोग्रॅममध्ये नुसता नेहमीचा पासवर्ड घेणं बंद केलं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

आता त्या सल्ल्याकडे येऊ. विंडोजची फायरवॉल मुख्यतः बाहेरून आत येणाऱ्याला अडवते. आतून बाहेर जाणाऱ्याला ती सहसा अडवत नाही. म्हणजे ती बंद करून तुमचा प्रोग्रॅम बहुधा चालणार नाहीच, उलट कॉम्प्युटर उघडा पडेल. वेगळ्या अँटिव्हायरसने प्रोग्रॅमला अडवलंय असं दिसलं, तर फक्त त्या एका प्रोग्रॅमला परवानगी द्या. टीएलएस १.० पुन्हा चालू करणंही असंच. एका प्रोग्रॅमसाठी सगळ्या घराची कडी काढायची नसते.

एवढं करूनही जमलं नाही, तर प्रोग्रॅम नेटशिवाय उघडा, सगळा डेटा एक्सेलमध्ये काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. हे आजच करा, कारण जुना कॉम्प्युटर भंगारात गेल्यावर ते जमेलच असं नाही. प्रोग्रॅम दुसरा मिळतो. दहा वर्षांचा हिशेब पुन्हा लिहून काढता येत नाही.