आकडीचे औषध आणि मुलाचे लिव्हर



लहान मुलाला आकडी आली की घरात एकच धावपळ उडते. कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल. त्याने काही साधत नाही. दवाखानाच गाठावा लागतो. तिथे मिळणाऱ्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएट हे एक नावाजलेले औषध. त्याचा हा गुण १९६२ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे योगायोगाने ध्यानात आला. तेव्हापासून असंख्य रोग्यांना त्याचा आधार झाला आहे.

पण थोड्या मुलांच्या लिव्हरला ते सोसत नाही. अमेरिकेत १९७८ ते १९८४ च्या नोंदी तपासल्या. दोन वर्षांखालील आणि आकडीची आणखीही औषधे चालू असलेल्या मुलांत ५०० मागे एक मूल लिव्हर निकामी होऊन दगावल्याचे दिसले. सर्व वयांचे, फक्त हेच औषध घेणारे रोगी पाहता प्रमाण ३७,००० मागे एक होते.

असे का व्हावे? बॉयलर थंडावला की कारखाना थांबतो, हे आपण जाणतोच. शरीराच्या पेशींतही शक्ती तयार करणारे बारीक बॉयलर असतात. त्यांची निगा राखणाऱ्या एका जनुकाचे नाव पीओएलजी. त्यात बिघाड असला तर बॉयलर मुळातच कमजोर. वर या औषधाचा ताण पडला की लिव्हर कोसळू शकते. अल्पर्स नावाच्या आजाराचे मूळ या जनुकात असल्याचे २००४ मध्ये उघड झाले.

हा बिघाड सहसा आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच मूल आजारी पडते. आईबाप स्वतः ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला धोका चारांत एक. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे आहे. जवळच्या नात्यात असा योग जुळण्याचा संभव वाढतो. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावू नये.

औषध सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगावे: आईवडील नात्यातले आहेत का, घराण्यात आकडी व लिव्हरच्या आजाराने मूल गेले आहे का, मुलाची वाढ मागे पडली आहे का. शंका आल्यास जनुकाची तपासणी करता येते, दुसरे औषध निवडता येते.

पहिले सहा महिने विशेष जपावे. उलट्या, अन्नावरची वासना जाणे, सुस्ती, चेहऱ्यावर सूज, कावीळ किंवा थांबलेली आकडी पुन्हा येणे, यांपैकी काही दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ऊसतोड आहे म्हणून उद्यावर टाकू नये. मात्र औषध आपल्या मनाने बंद करू नका. एकाएकी तोडले तर आकडी जिवावर बेतू शकते.