शास्त्रश्रवण आणि शास्त्रवाचन : मराठी ख्रिस्ती उपासनेच्या चार शतकांचा मागोवा

मराठी ख्रिस्ती समाजाच्या शास्त्रवाचनाचा इतिहास बहुधा भाषांतरांच्या आणि छापखान्यांच्या सनावळीतून सांगितला जातो. ती सनावळी आवश्यकच आहे. परंतु ग्रंथ छापून झाला म्हणजे तो वाचला गेला, आणि वाचला गेला म्हणजे तो वाचणाऱ्याच्या नित्याच्या श्रद्धेत मुरला, असा समज तिच्यामुळे सहज होतो. जुना करार, म्हणजे ख्रिस्तापूर्वीच्या इस्राएली परंपरेचे ग्रंथ, आणि नवा करार, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने व त्यांना जोडून येणारे प्रेषितांचे लेखन, या दोहोंच्या संग्रहाला प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘पवित्र शास्त्र’ किंवा नुसते ‘शास्त्र’ म्हणतात, तर कॅथलिकांत ‘बायबल’ हेच नाव अधिक रूढ आहे. हा संग्रह कोणत्या काळी कोणाच्या हातात होता, कोणाच्या आवाजात ऐकला जात होता आणि दिवसाच्या कोणत्या वेळी उघडला जात होता, हे पाहू लागले म्हणजे असे दिसते की देवाच्या सान्निध्याची ओढ मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनात रुजली ती पुष्कळदा पुराणश्रवण, कीर्तन आणि अभंग या आधीपासून अंगवळणी पडलेल्या वाटांनी, आणि छापील पानाने त्या वाटांना नंतर साथ दिली.

या इतिहासाचे पहिले पर्व गोव्यातील सासष्टीत घडले. 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे या भागात घालवली आणि येथील भाषांत ते इतके रमले की त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले तेव्हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा एक मराठी ग्रंथ सिद्ध झाला होता. हे बायबलचे भाषांतर नव्हे, आणि ते तसे नसण्याला कारण होते. ट्रेंटच्या परिषदेनंतरच्या कॅथलिक धर्मसभेत देशी भाषांतून बायबल सर्वांच्या हाती देण्याविषयी साशंकता होती. शिवाय सासष्टीतील देवळे 1567 मध्ये पाडली गेल्यानंतर आणि जुन्या पोथ्यांवर बंदी आल्यानंतर, नव्याने ख्रिस्ती झालेल्या, अनेकदा दडपणाखाली झालेल्या, लोकांच्या धार्मिक जीवनात श्रवणाची जागा रिकामी पडली होती. ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्स यांनी जो संवाद योजला आहे, त्यात ही उणीव श्रोताच बोलून दाखवतो आणि पूर्वीच्या पुराणांच्या जागी नवे पुराण मागतो. त्या मागणीला उत्तर म्हणून ‘पहिले पुराण’ या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आणि ‘दुसरे पुराण’ या भागात येशूचे चरित्र येते. रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे ते वाचले जात असे. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाचा शास्त्राशी आलेला पहिला व्यापक संबंध हा ओवीच्या चालीत, समुदायाने बसून ऐकण्याचा होता. जबरदस्तीच्या पार्श्वभूमीवर जन्मलेला हा ग्रंथ त्या जबरदस्तीपेक्षा अधिक टिकला, ही गोष्ट इतिहासकाराला अवघडल्यासारखे करणारी असली तरी टाळता येण्याजोगी नाही.

1684 मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्यासाठी लोकांना तीन वर्षांची मुदत देणारी आज्ञा काढली आणि या परंपरेच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. पुराणाच्या सतराव्या शतकातील छापील प्रती नष्ट झाल्या. ते वाचले ते हस्तलिखितांमुळे, आणि त्यांतही गोव्यातून कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांचा वाटा मोठा होता. जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूर येथून जी आवृत्ती काढली, ती अशाच हस्तलिखितांवर आधारलेली आहे.

प्रॉटेस्टंट मिशनांचे पर्व यापेक्षा अगदी वेगळ्या गृहीतावर उभे राहिले. प्रत्येक श्रद्धावंताने शास्त्र स्वतः, स्वतःच्या भाषेत वाचले पाहिजे, हा सुधारणावादी ख्रिस्ती विचारातला मूलभूत आग्रह होता, त्यामुळे येथे छापखाना आणि शाळा या दोन गोष्टी उपासनेइतक्याच महत्त्वाच्या ठरल्या. बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठीचे काम हाती घेऊन 1811 मध्ये नवा करार मोडी लिपीत छापला. 1813 मध्ये मुंबईत पोहोचलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी ज्या अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला, त्याने 1826 मध्ये आपला नवा करार पुरा केला. 1831 मध्ये या मिशनने अहमदनगरला ठाणे मांडले आणि 1842 मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले.

मात्र वाचनावर आधारलेल्या या धर्माला नगर जिल्ह्याच्या खेड्यांत एक साधी अडचण आली : लोकांना वाचता येत नव्हते. मंडळीत येणाऱ्यांपैकी बरेच जण ज्या जातींतून आले होते, त्यांना अक्षरापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवण्यात आले होते. या अडचणीवर जो उपाय निघाला, त्याचे श्रेय मिशनच्या धोरणापेक्षा एतद्देशीय ख्रिस्ती कार्यकर्त्यांना अधिक द्यावे लागते. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कीर्तनाचा मराठी घाट श्रोत्यांना परिचितच होता : पूर्वरंगात एखादे पद किंवा वचन घेऊन त्यातील तत्त्वाचे निरूपण करावयाचे, आणि उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून उभे करावयाचे. या घाटात शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला चपखल बसतो, कारण बापाकडे वाटणी मागून परदेशी गेलेला, दुष्काळात डुकरे राखण्याची पाळी आलेला आणि शेवटी घराकडे वळलेला मुलगा हे आख्यान टाळ-मृदंगाच्या साथीने रात्रभर रंगवता येते; पूर्वरंगातले निरूपण ज्याला कळले नाही, त्यालाही बाप धावत सुटतो तो क्षण कळतो. दुष्काळ ज्यांनी प्रत्यक्ष भोगले होते, त्या श्रोत्यांना तर दाखल्यातील दुष्काळाची व्याख्या करून सांगण्याची गरजच नव्हती. याच्या जोडीला घरोघर जाऊन स्त्रियांना शास्त्रातील भाग वाचून दाखवणाऱ्या, समजावून सांगणाऱ्या आणि अक्षरओळखही करून देणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांना ‘बायबलबाई’ म्हणत. मिशनांच्या इतिहासात त्यांना जेवढी जागा मिळावयास हवी होती, तेवढी मिळालेली नाही.

सुशिक्षितांमधील एकांतातल्या वाचनाचे चित्र याहून निराळे आहे. बाबा पदमनजी (1831–1906) यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात स्वतःच्या मतांतराचा जो प्रवास नोंदवला आहे, तो मुख्यतः वाचनाचा, वादाचा आणि शंकांच्या निरसनाचा प्रवास आहे, आणि पुढे नव्या करारावर मराठीत टीका लिहिताना त्यांची दृष्टी शंका घेऊन शास्त्र उघडणाऱ्या वाचकावरच होती. या वाचनाला धार होती, पण त्यात देव पुष्कळदा प्रतिपादनाचा विषय राहतो. तो जवळचा होतो तो पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक यांच्या लेखनात.

रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत म्हटले आहे. साक्ष म्हणजे श्रद्धेच्या अनुभवाचे मंडळीपुढे किंवा लेखी केलेले निवेदन. धर्म बुद्धीला पटणे आणि देवाशी व्यक्तिगत नाते जडणे यांच्यात त्यांनी केलेला हा भेद मराठी ख्रिस्ती आत्मचिंतनात निर्णायक ठरला. त्यांच्या नित्य शास्त्रवाचनाला तर सार्वजनिक वादाचेही स्वरूप आले. 1889 मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढच्या वर्षी पुण्यास हललेल्या त्यांच्या शारदासदनात, म्हणजे विधवांसाठीच्या निवासी शाळेत, धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असे ठरलेले होते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह बायबल वाचून प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि सदनातील काही मुली आपणहून तेथे येऊन बसत. या उघड्या दारावरून पुण्यात गदारोळ उठला आणि 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सुधारकांनी सदनाचे सल्लागार मंडळ सोडले. सुधारकांची अडचण खोटी नव्हती, कारण पालकांना दिलेल्या शब्दाचा प्रश्न त्यात होता. पण आपल्या घरात आपल्या वेळी आपला ग्रंथ वाचणाऱ्या बाईने दार लावून घ्यावे, ही अपेक्षाही तितकीशी निरागस म्हणता येत नाही.

निराधार स्त्रियांसाठी स्वतः उभारलेल्या केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या पर्वात जे काम केले, ते याच नित्यवाचनातून निघालेले होते. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असून अल्पशिक्षित स्त्रियांना ती कळत नाही, हे रोज अशा शेकडो स्त्रियांबरोबर उपासना करताना त्यांच्या ध्यानात आले होते. पुराणकथनाच्या परंपरेत वाढलेल्या आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरवलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर एकटीने केले, आणि ते मुक्तिसदनाच्या छापखान्यात छापले गेले. तेथे खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे आणि बांधणी करणे ही कामे सदनातील स्त्रिया करीत. त्यांच्यापैकी कित्येक जणी 1896 नंतरच्या दुष्काळांत अन्नावाचून भटकत असताना तेथे आणल्या गेल्या होत्या आणि अक्षर प्रथम तेथेच शिकल्या होत्या. देवनागरीचा खिळा जुळवणारीला काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्या वेगवेगळ्या तुकड्यांतून शब्द उलटा बांधावा लागतो. एकेक वचन असे हाताखालून जाणे हाही शास्त्रवाचनाचा एक प्रकारच होता, आणि कदाचित तो सर्वांत सावकाश प्रकार असावा. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या, त्यापूर्वी थोडेच दिवस शेवटची मुद्रिते तपासून झाली होती. ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. मंडळ्यांत मात्र तो सर्वत्र रुळला नाही, कारण कानावर बसलेली आणि पाठ झालेली वचने बदलावयास लोक सहसा राजी नसतात, मग नवी वचने कितीही सोपी असोत.

टिळकांचे उदाहरण याच्या उलट दिशेने जाते. 1893 मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ती पुरी वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून त्यांनी वाचावयास घेतली आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी, म्हणजे पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी, ते थांबले ते कायमचे. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांनी मंडळीला जे दिले, ते वाचनाचे शिस्तबद्ध वळण नव्हते, तर गाणे होते. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती, आणि ‘अभंगांजली’त ते येशूला आई आणि गुरू म्हणून हाक मारतात तेव्हा ती हाक वारकरी परंपरेत वाढलेल्या कोणालाही परकी वाटत नाही. ‘उपासना संगीत’ या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा वाटा मोठा आहे. शास्त्रातील विचार रोजच्या ओठांवर ठेवण्याचे काम या पदांनी केले, आणि ते कोणत्याही टीकाग्रंथाला जमले नसते. येशूच्या चरित्राचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभले आणि 1919 मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे ते अपुरे राहिले, तेव्हा लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढचा मोठा भाग रचून ते पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मकथनात लक्ष्मीबाई धर्मतत्त्वांची चर्चा फारशी करीत नाहीत, त्यांच्यात झालेला पालट दिसतो तो सोवळे सुटण्यात, कोणाच्याही हातचे पाणी पिण्यात आणि अनाथ मुलांना घरात घेण्यात.

मराठी कॅथलिकांच्या घरांत या सर्व काळात बायबल हा घरोघरी उघडण्याचा ग्रंथ नव्हता. वसईच्या गावांतून रात्रीच्या प्रार्थनेला कुटुंब जमे ते रोझरीसाठी, म्हणजे मण्यांच्या माळेवर येशू आणि मरिया यांच्या जीवनातील प्रसंगांचे मनन करीत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेसाठी, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य सामुदायिक उपासना, लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) मातृभाषेतील उपासनेला मुभा दिली आणि सर्व श्रद्धावंतांना शास्त्रवाचनाचे आग्रहाने आवाहन केले. त्यानंतर मिस्सेतील वाचनांची जी नवी योजना आली, तिच्यात रविवारची वाचने एका वर्षाच्या चक्राऐवजी तीन वर्षांच्या चक्रात विभागली गेली आणि जुन्या कराराला नियमित स्थान मिळाले. परिणामी नेमाने चर्चला जाणाऱ्या भाविकांच्या कानांवर दर तीन वर्षांत शुभवर्तमानांचा मोठा भाग मराठीतून पडू लागला, आणि वेदीजवळ उभे राहून पहिली दोन वाचने करण्याचा मान शिक्षकांना, गृहिणींना, महाविद्यालयीन मुलांना मिळू लागला.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ (2010) याच बदलातून उभे राहिले. ‘सुवार्ता’ या वसईच्या मासिकाचे अनेक वर्षे संपादन करताना त्यांनी ख्रिस्ती वाचकाबरोबरच बाहेरच्या मराठी वाचकाशीही बोलण्याची सवय लावून घेतली होती. त्यामुळे भाषांतराला त्यांनी विवेचनाची आणि टिपांची जोड दिली, जेणेकरून यहुदी सण, रोमन कारभार किंवा पॅलेस्टाइनचा भूगोल ठाऊक नसलेल्या माणसालाही वचनापर्यंत पोहोचता यावे. या ग्रंथाला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांच्याकडे आले. त्यांच्या निवडीला धर्माच्या कारणाने विरोध झाला, तरी संमेलन त्यांच्याच अध्यक्षतेखाली पार पडले.