कुलूपबंद चित्रपट आणि शाळेचा संगणक

कावेरीकाठचे कुंभकोणम् हे नगर मराठी वाचकांस अगदीच परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास भोसल्यांची सत्ता स्थापन झाली, आणि हा प्रदेश दीर्घकाळ त्यांच्या राज्यात होता. गणिताच्या इतिहासात मात्र हे नगर श्रीनिवास रामानुजन यांच्यामुळे अमर झाले. येथील टाउन हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले, आणि शारंगपाणी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील त्यांचे घर 2003 सालापासून स्मारक म्हणून जतन केलेले आहे. त्यांच्या जीवनावर 2014 साली ज्ञान राजशेखरन यांनी एक चित्रपट काढला, तर 2015 साली एक इंग्रजी चित्रपट निघाला. असा एखादा चित्रपट त्यांच्याच गावातील मुलांना दाखवावा, असे तेथील कोणा शिक्षकाच्या मनात आले, तर काय होईल?

कायद्याची आडकाठी नाही. भारताच्या 1957 च्या प्रताधिकार कायद्यातील कलम 52 प्रमाणे, शाळेच्या कार्यक्रमात चित्रपट दाखविता येतो. मात्र प्रेक्षक हे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक व शाळेच्या कार्याशी निगडित मंडळी एवढेच असावेत. खरी अडचण पुढेच आहे. कायद्याने दिलेली ही मुभा संगणकास ठाऊक नसते.

चित्रपटाची डीव्हीडी तबकडी चकाकती व निरुपद्रवी दिसते. पण तिच्यावरील चित्रे बहुधा सांकेतिक रूपात लिहिलेली असतात. ती उलगडण्यास किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे दुसरेतिसरे काही नसून एक मोठी संख्या होय. डीव्हीडीच्या कुलुपात 40 द्विमान अंकांची किल्ली योजलेली होती, म्हणजे संभाव्य किल्ल्या 10,99,51,16,27,776 इतक्या. ही संख्या वाचून छाती दडपते. परंतु कुलुपाची घडणच कच्ची होती आणि 1999 साली अभ्यासकांनी ते साध्या संगणकावर काही सेकंदांत उघडून दाखविले. त्याच वर्षी नॉर्वेमधील योन लेक योहान्सन हा पंधरा वर्षांचा मुलगा कुलूप उघडणाऱ्या प्रणालीमुळे जगाला माहीत झाला. आपली तबकडी लिनक्सवर पाहता यावी, एवढाच आपला हेतू होता, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्यावर खटला भरण्यात आला. 2003 च्या जानेवारीत तो निर्दोष ठरला आणि डिसेंबरात अपिलातही तोच निर्णय कायम झाला. स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहणे हा अपराध कसा, या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले उत्तर शिक्षकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. अर्थात ते नॉर्वेच्या कायद्यापुरते होते.

लिनक्सचा प्रश्न आपल्याकडेही दूरचा नाही. सी-डॅकने चेन्नईत घडविलेली 'बॉस' ही प्रणाली लिनक्सच्याच कुळातील आहे. अशा प्रणालीची आज्ञावली सर्वांस वाचावयास खुली असते, आणि गुप्त किल्ली तर खुल्या आज्ञावलीत ठेवता येत नाही. म्हणून प्रणाली उत्तम चालत असूनही तबकडी मूक राहते.

दुसरे बंधन भूगोलाचे आहे. डीव्हीडीच्या व्यापारासाठी जगाचे विभाग पाडलेले असून भारत 5 व्या, तर ब्रिटन 2 ऱ्या विभागात येतो. केंब्रिजहून कोणी स्नेही तबकडी घेऊन आला आणि तिच्यावर विभागाची खूण असली, तर कुंभकोणम्‌चा संगणक ती नाकारील. संगणकातील वाचनयंत्राचा विभाग बदलता येतो, पण सामान्यतः पाचच वेळा. त्यानंतर शेवटचा विभाग कायमचा ठरतो. उत्साहाच्या भरात चार विद्यार्थ्यांनी गंमत म्हणून तो बदलला, तर शाळेचे यंत्र जन्मभर परदेशी होऊन बसावयाचे!

पुढे आलेल्या ब्लू-रे तबकडीचे कुलूप पुष्कळच पक्के आहे. तबकडी, यंत्र व आज्ञावली यांनी आधी एकमेकांची ओळख पटवावी लागते. त्या ओळखीच्या सह्या संख्याशास्त्रातील लंबवर्तुळी वक्रांच्या गणितावर आधारलेल्या असतात. ज्या हार्डींनी रामानुजनना केंब्रिजला बोलाविले, त्यांनी 1940 च्या आपल्या पुस्तकात शुद्ध गणित व्यवहारात निरुपयोगी असल्याचे समाधानाने लिहिले होते. तेच गणित आज चित्रपटाच्या दारावर पहारा करीत आहे. इतकेच नव्हे, तर संगणकापासून पडद्यापर्यंतच्या तारेतही चित्र सांकेतिक रूपात जाते. समोरचे यंत्र योग्य उत्तर देऊ शकले नाही, आणि शाळांतील जुने प्रोजेक्टर बहुधा देऊ शकत नाहीत, तर पडदा काळा राहतो किंवा चित्र मुद्दाम हलक्या प्रतीचे करून पाठविले जाते. शिक्षक बिचारा तार हलवून पाहतो. दोष तारेत नसतोच.

यंत्र नवे घेतले म्हणजे सुटका होते, असेही नाही. अतिसूक्ष्म चित्राच्या ब्लू-रे तबकड्या संगणकावर पाहण्यास इंटेलच्या प्रोसेसरातील एक विशेष सुरक्षित कप्पा आवश्यक ठरविण्यात आला होता. 11 व्या व 12 व्या पिढीच्या घरगुती प्रोसेसरांतून इंटेलने तो कप्पाच काढून टाकला. 2022 च्या आरंभी ही गोष्ट सर्वत्र चर्चिली गेली. नव्या संगणकाने जे नाकारले, ते त्याच्या आधीचा संगणक दाखवीत होता.

ग्रंथालयांची चिंता याहून खोल आहे. कुंभकोणम्‌पासून सुमारे 40 किलोमीटरवर तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरलेला आहे; 1803 सालचा तो लेख आजही उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. सरस्वती महालातील मोडी कागद वाचणारे थोडे उरले, तरी मोडी शिकता येते. किल्ली हरवलेली तबकडी मात्र कितीही शिकून वाचता यावयाची नाही. 2012 च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांस जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली. पण अट अशी की, ग्रंथालयापाशी मूळ प्रत अंकीय नसलेली असावी. पुस्तकास हे लागू पडते. तबकडी मुळातच अंकीय, तेव्हा ती या कलमाच्या बाहेर राहिली!

त्याच दुरुस्तीतील कलम 65-अ मात्र बरेच समंजस आहे. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. परंतु कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध नसलेल्या कामासाठी कुलूप उघडण्यास त्याची आडकाठी नाही. अशा कामी दुसऱ्याला साह्य करणाऱ्या तंत्रज्ञाने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व कुलूप उघडण्याचा हेतू यांची संपूर्ण नोंद ठेवावी, अशी अट आहे. शाळेने या कामी कोणाचे साह्य घेतलेच, तर त्या तंत्रज्ञाच्या नोंदवहीत शाळेचे नाव, चित्रपटाचे नाव आणि 'विद्यार्थ्यांस दाखविण्यासाठी' हे शब्द कामाच्या आधीच लिहवून घ्यावेत.