विम्याचा हप्ता आणि वैद्याचा दाखला

गेल्या वर्षी माझ्या मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करावयाचे होते. गाडी साधीच, बाराशे सी.सी.ची, घर ते दवाखाना एवढाच तिचा संचार. तरीही हप्त्याचा आकडा पाहून मी नित्याप्रमाणे कुरकुर केली. आदल्या वर्षी नारायणगुड्याच्या चौकात गाडीला धक्का बसला होता आणि दुरुस्तीचा खर्च मी कंपनीकडून घेतला होता, हे विमा प्रतिनिधीला ठाऊक होते. तो तरुण सहज म्हणाला, “साब, कंपनी बदल देते हैं, नो क्लेम लिख देता हूँ. कौन देखता है!”

सलग पाच वर्षे दावा न करणाऱ्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर ५० टक्के सूट मिळते आणि दावा केला की ती सूट शून्यावर येते. म्हणजे एका खोट्या शब्दाने हप्त्याचा बराच भाग वाचणार होता. मी नको म्हणालो. परंतु नको म्हणण्यापूर्वी मी क्षणभर थांबलो होतो, हे येथे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. संपादक मंडळाने यंदा ‘वैद्यकाबाहेरच्या’ विषयावर लेख मागितला, तेव्हा त्या क्षणाची आठवण झाली. विषय निवडल्यावर ध्यानात आले की तो वैद्यकाबाहेरचा मुळीच नाही.

त्या दिवशी मी जुन्या पॉलिसींची फाईल काढून बसलो. विम्याचे दोन भाग असतात. एक आपल्या गाडीच्या नुकसानीचा आणि दुसरा आपल्या गाडीमुळे त्रयस्थाला होणाऱ्या इजेचा, ज्याला सर्वजण ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. पहिला ऐच्छिक, दुसरा कायद्याने सक्तीचा. माझ्या गाडीच्या वर्गासाठी, म्हणजे हजार ते पंधराशे सी.सी.च्या खाजगी मोटारींसाठी, या सक्तीच्या भागाचा वार्षिक दर २०१५-१६ मध्ये १,५९८ रुपये होता. पुढच्याच वर्षी तो २,२३७ झाला, २०१७-१८ मध्ये २,८६३, २०१९-२० मध्ये ३,२२१ आणि १ जून २०२२ पासून ३,४१६. सात वर्षांत दुपटीहून अधिक. याच अवधीत आपण आपल्या तपासणीचे शुल्क किती वाढविले, असा प्रतिप्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी केला. त्यास मी उत्तर दिले नाही.

हे दर ठरतात कसे? १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या विम्याचे दर कंपन्यांच्या मर्जीवर सोडले गेले, पण थर्ड पार्टीचे दर अधिकृतपणेच ठरविले जातात. पूर्वी ते काम विमा नियामक प्राधिकरण करीत असे. २०२२ पासून प्राधिकरणाच्या सल्ल्याने केंद्राचे रस्ते वाहतूक मंत्रालय ते जाहीर करू लागले. हे प्राधिकरण दिल्ली-मुंबईत नसून आपल्याच भाग्यनगरीत आहे. बशीरबागच्या परिश्रम भवनात अनेक वर्षे त्याचे कार्यालय होते, पुढे ते नानकरामगुड्याला गेले. दाव्यांची माहिती गोळा करणारी विमा माहिती संस्थाही येथलीच. अपघात किती, दावे किती, प्रत्येक दाव्यापोटी सरासरी किती रक्कम गेली, हे वाहनांच्या वर्गवार पाहून पुढील दर ठरतो. थोडक्यात, कोणीतरी कोठेतरी घेतलेली वाढीव भरपाई सरासरीत मिसळते आणि ती आपण सारे मिळून फेडतो.

दरवाढीचे खापर केवळ लबाडीवर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. मजुरी वाढली, शस्त्रक्रियांचा खर्च वाढला, न्यायालये मृताच्या कमाईचा हिशेब अधिक वास्तव रीतीने करू लागली. त्यात वाईट काही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मृत्यू व शारीरिक इजेबाबत विमा कंपनीच्या दायित्वावरील मर्यादाच काढून टाकली. शिवाय रस्त्यावरील निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना धावतात, त्यांत दुचाकी सर्वाधिक. त्यांचा भार हप्ता भरणाऱ्यांवर येतो. तरी एवढे वजा करूनही लबाडीचा वाटा उरतोच, आणि त्या वाट्यातील एक हिस्सा आपल्या लेखणीतून जातो.

विमा वकिलांच्या परिभाषेत ‘प्लांटेड व्हेइकल’ असा एक शब्द आहे. अपघात स्वतःच्या चुकीने झालेला असतो किंवा धडक देणारे वाहन पळून गेलेले असते. मग विमा उतरविलेले एखादे ओळखीचे वाहन कागदोपत्री तेथे आणून उभे केले जाते. यात चालक, मालक, वकील, कधी पोलीस आणि कधी वैद्य, अशी साखळी लागते. उत्तर प्रदेशात हा प्रकार इतका बोकाळला की अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या ७ ऑक्टोबर २०१५ च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले. त्याच्याकडे १,३७६ संशयास्पद दावे आल्याची नोंद २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे झाली आणि काही वकिलांच्या सनदाही निलंबित झाल्या. उत्तरेकडच्या या बातम्या वाचून आपण मान हलवितो. मीही हलविली असती, पण मला २००८ साल आठवते.

त्या वेळी काचीगुड्याच्या बाजूस एका नर्सिंग होममध्ये मी अस्थिशल्यविशारद म्हणून जात असे. नांदेड, देगलूर, उदगीर, बीदर येथून येणाऱ्या रुग्णांना हैदराबाद जवळचे आणि मराठी बोलणारा डॉक्टर त्याहून जवळचा. एका मध्यरात्री देगलूर तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याला आणले. मांडीचे हाड मोडलेले, गुडघ्यालाही मार. गाडीवरून येताना म्हैस आडवी आली आणि घसरून पडलो, असे त्याने स्वतःच सांगितले आणि मी तसेच केसपेपरवर लिहिले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले. तीन महिन्यांनी त्याचा मेहुणा एका गृहस्थास सोबत घेऊन आला. त्या गृहस्थाने एका टेंपोचा क्रमांक कागदावर लिहून आणला होता.

“डॉक्टरसाहेब, तेवढे दोन शब्द बदलून द्या. जमीन गहाण पडली बघा दवाखान्यापायी.”

ही गोष्ट खोटी नव्हती. बिल मीच पाहिले होते. आणि खरे सांगितले तर त्या मुलाला कायद्याने काहीच मिळणार नव्हते. स्वतः घसरून पडलेल्या चालकाला थर्ड पार्टी विमा लागू नाही. मालक-चालकाचा व्यक्तिगत अपघात विमा दुचाकीसाठी त्या काळी अवघा १ लाखाचा होता, तोही मृत्यू किंवा अवयव कायमचा निकामी झाला तरच. तो १५ लाखांचा झाला २०१८ नंतर. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या बाबतीतही सरकारी मदत तेव्हा मृत्यूला २५ हजार आणि गंभीर इजेला साडेबारा हजार एवढीच होती. १ एप्रिल २०२२ पासून ती २ लाख आणि ५० हजार झाली. माणसे खोट्याकडे वळतात ती दर वेळी लोभानेच असे नाही.

मी केसपेपर बदलण्यास नकार दिला. त्या नकाराचा मला अभिमानही वाटला. पण ते उठू लागले तेव्हा मेहुण्याचा चेहरा पाहून मी म्हणालो, “अपंगत्वाचा दाखला देतो, तो तुमच्या हक्काचा आहे.” आणि त्यावर ४० टक्के असे लिहिले. मापून लिहिले असते तर त्या पायाचे अपंगत्व १८-२० टक्क्यांच्या वर गेले नसते. ४० हे पायाचे की सर्व शरीराचे, हेही लिहिले नाही. दया करावयाची तर ती स्वतःच्या खिशातून करावी, हे तेव्हा सुचले नाही. पुढे कळले की टेंपोचा दावा कोठून तरी मिळविलेल्या दुसऱ्याच चिठ्ठीच्या आधारे दाखल झाला, आणि त्यास माझा दाखला जोडलेला होता.

एका टक्क्याचे मोल काय असते, याची आपल्यापैकी अनेकांना कल्पना नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात वयानुसार गुणक निश्चित केले: २६ ते ३० वर्षांसाठी १७, ३१ ते ३५ साठी १६, असे उतरत जाणारे. वार्षिक उत्पन्न गुणिले गुणक गुणिले कमाईच्या क्षमतेतील घट, असा ढोबळ हिशेब. महिना १५ हजार कमावणाऱ्या तिशीतल्या माणसाच्या बाबतीत दर दहा टक्क्यांमागे ३ लाख ६ हजार रुपये हलतात. आपण ‘अंदाजे’ म्हणून जो शून्यान्त आकडा लिहितो, त्याचा अर्थ हा असा.

शारीरिक अपंगत्व आणि कमाईतील घट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे १८ ऑक्टोबर २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निवाड्यात न्यायालयाने फार सुरेख उलगडले आहे. डावा हात गेलेला सुतार जवळजवळ संपूर्ण कमाई गमावतो. तोच हात गेलेला सरकारी कारकून नोकरीवर राहू शकतो. त्या खटल्यातील जखमी इसमाच्या दाखल्यावर पायाचे ४५ टक्के अपंगत्व होते. न्यायालयाने सर्व शरीराचे २५ आणि कमाईतील घट २० टक्के धरली. त्याच निवाड्यात, रुग्णावर उपचार न करता तयार दाखले वाटणाऱ्या डॉक्टरांपासून न्यायाधिकरणांनी सावध राहावे, असाही इशारा आहे. तो वाचताना मी स्वतःची समजूत घातली की मी तर उपचार करणारा डॉक्टर होतो.

ती समजूत २०१२ मध्ये संपली. सुलतान बाजारात फुले विकणारी ३४ वर्षांची एक बाई. पहाटे फुले घेऊन येताना लॉरीने उडविली. लॉरी जागीच पकडली गेली, साक्षीदार होते, खटल्यात संशयाला तिळमात्र जागा नव्हती. घोटा आणि टाच दोन्ही चुरडलेली. तिला उकिडवे बसता येईना आणि टोपली घेऊन चार पावले चालता येईना. या वेळी मी सर्व मोजले होते, क्ष-किरण चित्रे होती, ३० टक्के लिहिले ते विचारपूर्वक. पण विमा कंपनी तीच होती. उलटतपासणीत त्यांच्या वकिलांनी माझा २००८ चा दाखला समोर ठेवला. गुडघा किती अंश वाकत होता? कोणत्या दिवशी मोजला? ४० हा आकडा कोठून आला? माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले, “म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या दाखल्यातील आकड्याला मोजमापाचा आधार असतोच असे नाही?”

न्यायाधिकरणाने तिच्या कमाईतील घट १५ टक्के धरली. महिना ६ हजार उत्पन्न, गुणक १६. ३० टक्क्यांनी ३,४५,६०० झाले असते, १५ टक्क्यांनी १,७२,८०० झाले. उरलेले १,७२,८०० रुपये कोणी नेले, याचा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आहे. देगलूरच्या त्या मुलाकडे बोट दाखवावेसे मला कधी वाटले नाही.

आता परिस्थिती काहीशी पालटली आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. महिन्यांनी टेंपो आणून उभा करणे त्यामुळे अवघड झाले. अपंगत्व मोजण्याची सरकारी मार्गदर्शक तत्त्वे २००१ मध्ये आली, २०१८ आणि २०२४ मध्ये सुधारली गेली. त्यांत सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, चालण्याची स्थिरता यांचे वेगवेगळे गुण मांडावे लागतात. मंडळाच्या तरुण सभासदांना माझी एकच विनंती आहे की गोनिओमीटर खिशात ठेवावा आणि टक्क्यांच्या शेजारी अंश व तारीख लिहावी, ‘एका पायाचे’ हे दोन शब्द विसरू नयेत. नातेवाईक रागावतात. माझ्यावरही रागावतात, गेल्याच महिन्यात एका परिचिताने काचीगुड्यात माझ्याशी बोलणे सोडले.

विमा प्रतिनिधीने मात्र राग धरला नाही. सूट न घेता मी पूर्ण हप्त्याचा धनादेश दिला, तेव्हा त्याने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहिले.

ती फुलवाली अजूनही टाच दुखली की येते. आता सून बाजारात बसते, ही घरी माळा ओवते. निकालाच्या वेळी १,७२,८०० ही रक्कम ऐकून तिने मला हात जोडले होते. कोर्टात काय घडले ते तिला तेलुगूत कोणी समजावून सांगितले नव्हते, मीही सांगितले नाही. दर वर्षी बतुकम्मा सरून दसरा उजाडला की ती दवाखान्याच्या दारासाठी झेंडूचे तोरण घेऊन येते आणि पैसे घेत नाही.