झिंकच्या चौदा गोळ्या आणि शेतातली माती

जुलाब झालेले मूल सरकारी दवाखान्यात आले की ओआरएसच्या पुड्यांबरोबर आईच्या हातात झिंकच्या चौदा गोळ्या दिल्या जातात. रोज एक, सलग चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे १० मिलिग्रॅम, आणि त्याहून मोठ्या मुलाला पूर्ण, म्हणजे २० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये ही शिफारस केली. तेव्हापासून या स्वस्त गोळीने पुष्कळ मुलांचे हाल वाचवले आहेत. तरीही एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो : ‘डॉक्टर, जुलाब तर दोन दिवसांत थांबले. मग उरलेल्या गोळ्या कशाला?’ आणि त्या गोळ्या घरी फळीवर तशाच पडून राहतात.

या प्रश्नाचे लहान उत्तर असे. झिंक म्हणजे आपले जस्त. जुलाबातून ते शरीराबाहेर जाते. सोललेले आतड्याचे अस्तर पुन्हा तयार व्हायला आणि रोगप्रतिकारशक्ती सावरायला तेच जस्त लागते. चौदा दिवसांचा पूर्ण डोस घेतलेल्या मुलाला पुढचे दोन-तीन महिने जुलाब होण्याची शक्यता कमी होते. म्हणून जुलाब थांबले तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत.

मोठे उत्तर मात्र दवाखान्यात सापडत नाही. मुलाच्या शरीरातला जस्ताचा साठा आजारपणाआधीच इतका कमी का होता? त्यासाठी ताटाकडे आणि ताटाच्या मागे असलेल्या शेताकडे पाहावे लागते.

शिराझमधला तरुण

माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला कळले त्याला अजून सत्तर वर्षेही झालेली नाहीत. डॉ. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारचे, पाटण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९५८ मध्ये ते इराणमधल्या शिराझ शहरात काम करत असताना त्यांच्याकडे २१ वर्षांचा एक रुग्ण आला. दिसायला तो दहा-अकरा वर्षांच्या मुलाएवढा होता. वाढ खुंटलेली, तारुण्याच्या खुणा नाहीत, रक्त अतिशय कमी. त्याचे मुख्य अन्न गव्हाची न आंबवलेली रोटी. मांस जवळजवळ नाही, आणि माती खाण्याची सवय. तसेच आणखी रुग्ण सापडत गेले. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांना जस्त दिल्यावर त्यांची उंची वाढू लागली.

ही मुले उपाशी नव्हती, रोटी पोटभर खात होती. पण धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते जस्त आणि लोह यांना घट्ट धरून ठेवते आणि आतड्यात शोषू देत नाही. म्हणजे पोट भरलेले आणि पेशी उपाशी. यालाच आज ‘छुपी भूक’ म्हणतात. जगात दोनशे कोटींहून अधिक लोक या ना त्या सूक्ष्म पोषकद्रव्याच्या अशा भुकेत जगतात, असा अंदाज आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम जस्त असते. पण तीनशेहून अधिक विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे काम त्यावर चालते. लोहासारखी त्याची मोठी कोठी शरीरात नसते, म्हणून ते रोजच्या जेवणातूनच यावे लागते. केंद्र सरकारच्या २०१६-१८ मधल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १९ टक्के मुलांमध्ये जस्ताची कमतरता आढळली. १० ते १९ वयोगटात हे प्रमाण ३२ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत. सगळा दोष जस्ताचा नाही. आईचे कुपोषण, अस्वच्छ पाणी, वारंवार होणारे संसर्ग ही कारणेही आहेतच. पण जस्त कमी म्हणून जुलाब, आणि जुलाबामुळे जस्त आणखी कमी, या फेऱ्यात मूल एकदा सापडले की सुटणे अवघड जाते.

पिकालाही तोच आजार

१९६०च्या दशकात पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. वाय. एल. नेने यांच्यापुढे वेगळाच रुग्ण होता. तराईतले भातपीक खुरटत होते, पानांवर काताच्या रंगाचे डाग पडत होते. शेतकरी त्याला ‘खैरा’ म्हणत. रोग बुरशीचा की विषाणूचा, याचा शोध चालला होता. १९६६ मध्ये नेने यांनी दाखवले की हा संसर्ग नव्हेच, ही जस्ताची कमतरता आहे. झिंक सल्फेट आणि चुना यांच्या फवारणीने पीक सुधारले.

जमिनीत जस्त कमी असेल तर दाण्यात कुठून येणार? भारतातल्या मृदा नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत पिकाला मिळू शकणारे जस्त अपुरे आहे. महाराष्ट्रातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत ते असले तरी मुळांना सहज मिळत नाही. त्यातच स्फुरदयुक्त खते अति झाली की पीक जस्त आणखी कमी उचलते. शेणखत कमी पडल्याने सेंद्रिय कर्ब घटला, तीही भर.

बियाण्याचाही यात वाटा आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे १८४३ पासून एकाच शेतावर गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि दर काळातले दाणे जपून ठेवले आहेत. त्यांची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातले जस्त, लोह, तांबे आणि मॅग्नेशियम जवळपास स्थिर होते. बुटक्या, जास्त उत्पादनाच्या जाती आल्यावर ते घटत गेले. विशेष म्हणजे मातीतले प्रमाण मात्र कमी झाले नव्हते. दाणे वाढले, पण प्रत्येक दाण्यातला खनिजांचा वाटा कमी झाला.

यावरून हरितक्रांतीला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. परदेशातून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर देश अवलंबून होता, तेव्हा आधी पोट भरणे गरजेचे होते आणि ते काम बुटक्या गव्हाने केले. आता प्रश्न पुढचा आहे. पोट भरल्यावर काय भरायचे राहिले?

हवाही विरोधात

हवामानबदलाचा एक परिणाम फारसा चर्चेत येत नाही. जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या उघड्या शेतांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढवून पिके घेण्यात आली. प्रमाण होते दर दहा लाख भागांत सुमारे ५५० भाग, म्हणजे या शतकात आपण गाठू शकतो तितके. २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार अशा हवेत वाढलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्क्यांनी आणि लोह ५ टक्क्यांनी घटले. तांदळात जस्त ३ टक्क्यांनी आणि प्रथिने जवळजवळ ८ टक्क्यांनी कमी झाली. मका आणि ज्वारी यांच्यावर मात्र परिणाम तुलनेने कमी दिसला, कारण त्यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी आहे. बाजरी आणि नाचणीही त्याच रीतीची पिके आहेत.

ज्याच्या ताटात डाळ, भाजी, अंडे, मासे आहेत, त्याला ही घट जाणवणार नाही. ज्याचे जेवण मुख्यतः रेशनच्या भात-पोळीवर उभे आहे, त्याला ती नक्की जाणवेल. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली देशातल्या सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा धान्य मिळते. त्या धान्यातले सूक्ष्म पोषण, हा सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे.

उपाय ठाऊक आहेत

खत हे औषधासारखे काम करू शकते, याचा पुरावा जगात आहे. फिनलंडने १९८४ पासून आपल्या खतांत सेलेनियम मिसळायला सुरुवात केली आणि काही वर्षांत लोकांच्या रक्तातले सेलेनियम वाढले. तुर्कस्तानच्या मध्य अनातोलियात १९९०च्या दशकात जस्तयुक्त खते वापरल्यावर गव्हाचे उत्पादन आणि दाण्यातले जस्त दोन्ही वाढले. आपल्याकडेही २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते आणि तिच्यात जस्ताची नोंद असते. पण युरियाची गोणी इतकी स्वस्त आहे की पत्रिका काय सांगते, यापेक्षा खिशाला काय परवडते यावर खत ठरते.

दुसरा मार्ग बियाण्याचा. २०१६ मध्ये आलेल्या ‘डीआरआर धान ४५’ या भाताच्या जातीत जस्त मुद्दाम वाढवलेले आहे. ‘धनशक्ती’ ही लोहसमृद्ध बाजरी इक्रिसॅट आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या कामातून आली. महाराष्ट्रातल्याच १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना लोहसमृद्ध बाजरीची भाकरी रोज देऊन अभ्यास झाला. चार महिन्यांत त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा साध्या बाजरीच्या तुलनेत अधिक सुधारला. अडचण बाजारात आहे. आडत्याकडे धान्याचा भाव वजन, ओलावा आणि रंग पाहून ठरतो. दाण्यात जस्त किती, लोह किती, हे कुणी मोजत नाही आणि त्याचे पैसेही कुणी देत नाही. शासन शालेय पोषण आहार आणि अंगणवाडीसाठी असे धान्य थोड्या जास्त भावाने घेऊ लागले, तर शेतकऱ्याला ते पिकवायला कारण मिळेल.

तिसरा मार्ग आपल्या स्वयंपाकघरातला आहे. कडधान्याला मोड आणले किंवा पीठ आंबवले की फायटेट घटते आणि जस्त, लोह अधिक शोषले जाते. मोडाची मटकी, नाचणीचे आंबील, आंबोळी, इडली यांमागे हा फायदा आहे. तीळ, कारळे, शेंगदाणे, हरभरा यांत जस्त बरे असते. जे खातात त्यांच्यासाठी मटण, अंडी आणि सुकट आहेच. लहान बाळाला सहा महिन्यांनंतर नुसते वरणाचे पाणी भरवू नये. घट्ट वरण, मोडाच्या नाचणीचे सत्त्व, दाण्याचे बारीक कूट, उकडलेले अंडे द्यावे. मोठ्यांनी मात्र जाहिरात पाहून झिंकच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नयेत. जास्त झिंकमुळे शरीरातले तांबे घटते आणि रक्त व मज्जातंतूंवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

रोम येथे १९९६ मध्ये झालेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची व्याख्या करताना ‘पुरेसे’ या शब्दाच्या जोडीला ‘पोषक’ हा शब्द घातला होता. आपण अजून गोदामातले क्विंटल आणि टन मोजतो. ते मोजायलाच हवेत. पण तालुक्याच्या कृषी कार्यालयातला मातीचा अहवाल आणि त्याच तालुक्यातल्या अंगणवाडीचा वजन-उंचीचा तक्ता एका टेबलावर ठेवून पाहिले जात नाही. कृषी सहायक आणि आशाताई एकाच गावात फिरतात. महिन्यातून एकदा त्या दोघांची बैठक घ्यायला वेगळा निधी लागत नाही. सुरुवात तिथून करता येईल.