जयंतीच्या रात्री कानात शिट्टी का वाजते?

बिंदू चौकात बाबासाहेब आणि महात्मा फुले यांचे पुतळे १९५० साली, बाबासाहेब हयात असतानाच उभे राहिले. तिथे अभिवादन करून रात्री डॉल्बीच्या भिंतीपुढे तीन तास नाचलेला पोरगा घरी येऊन म्हणतो, "आई, कान बंद झाल्यागत वाटतंय, आत शिट्टी वाजतीया." आई कोमट तेल घालते. त्याचा उपयोग नाही. बिघाड पडद्याच्या पलीकडे, फार आत झालेला असतो.

आत गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी, द्रवाने भरलेली नळी असते. तिच्यात साधारण १५ हजार केसपेशी. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुबका, आणि एका केसाचे टोक शेजारच्या केसाला धाग्याने बांधलेले. आवाजाने द्रव हलतो, केस वाकतात, धागा ताणला जातो, पेशीची बारीक दारे उघडतात आणि मेंदूकडे संदेश जातो.

आवाज अति झाला की धागे तुटतात, केस वादळात लोळलेल्या उसासारखे आडवे होतात. तुटलेले काही धागे दिवसभरात पुन्हा जुळतात. म्हणून दोन दिवसांनी पोरगा "आता बरं हाय" म्हणतो. पण ताण फार झाला तर पेशीत घातक रसायने साठतात आणि ती मरते. कोंबडीच्या कानात अशी पेशी नव्याने उगवते, माणसाच्या नाही.

आधी जातात ते बारीक आवाज: स, फ, थ. "ऐकू येतंय, पण समजत नाही" ही शिरोलीच्या फौंड्रीत फेटलिंगला राबलेल्या माणसांची जुनी तक्रार. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५, रात्री ४५ एवढीच मुभा आहे. गणपतीतही हेच होते, मग आमच्यावरच बोट का, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, पण कान आपल्याच पोरांचे आहेत.

मिरवणुकीला जरूर जा. लहान मुलांना स्पीकरपासून लांब ठेवा. कापसाचे बोळे फारसे काम करत नाहीत. औषध दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर वाट पाहू नका. दोन-तीन दिवसांच्या आत सीपीआरच्या कान-नाक-घसा विभागात जा. त्यावरची औषधे लवकर सुरू केली तरच जास्त लागू पडतात.